झुंबरनं भरलेली रिकामी जागा

लोणखेडीच्या ग्रामपंचायतीत झुंबर नावाचा एक भोळा शिपाई होता. तिथल्या सरपंचांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यांना ते फार आवडायचं. त्यांनी तयार इंग्रजी वाक्यांचं पुस्तक आणलं. प्रत्येक वाक्यात एक जागा रिकामी असायची. ती झुंबरनं भरायची आणि सरपंचांनी खाली सही ठोकायची.

शाळेसमोर पाटी लावायची होती. 'गाडी चालवा...' पुढं काय?

"स्लोली लिही. म्हणजे हळू," शाळेतले गुरुजी म्हणाले. पाटी झकास झाली.

मग नळाची मोटर जळाली. 'मेकॅनिक पाठवा...' झुंबरनं लिहिलं, स्लोली. मेकॅनिक महिन्यानं उगवला. पाणी शेंदून गावाचे हात सोलले.

"अरे, क्विकली लिहायचं! लवकर!"

"आता नाही चुकणार, गुरुजी."

शाळेतल्या कुमुदबाई निवृत्त झाल्या. मानपत्रात वाक्य होतं, 'बाई आम्हाला सोडून जात आहेत...' झुंबरनं लिहिलं, क्विकली. बाईंनी वाचलं, नारळ खाली ठेवला आणि चहा न घेता निघाल्या.

"क्विकलीच गेल्या की!" झुंबर म्हणाला.

गुरुजींनी कपाळावर हात मारला. "सॅडली रे! दुःखानं. माणूस घर सोडून चाललं की सॅडली."

पुढं सरपंचांच्या मुलीचं लग्न ठरलं. 'आमची कन्या सासरी जात आहे...' सॅडली. पत्रिका वाटून झाल्या. वरमाई इंग्रजी शिकवणाऱ्या निघाल्या. "एवढं दुःख होतंय तर ठेवा घरीच," म्हणाल्या. सरपंचांनी पाय धरले तेव्हा कुठं अक्षता पडल्या.

"हॅपिली, बाबा! आनंदानं! मांडव असेल, पाहुणे जेवणार असतील, तिथं हॅपिली!" एवढं सांगून गुरुजींनी बदली मागून घेतली.

दोन महिन्यांनी सरपंचांचे वडील वारले. तेराव्याला मांडव होता. पाहुणे जेवणार होते. 'आमचे वडील गेले, असे कळवतो...' झुंबरनं ठळक अक्षरात लिहिलं, हॅपिली.

एक कार्ड सरपंचांच्या धाकट्या भावाला गेलं. दोघांचं जमिनीवरून वाकडं. "बापाला यानंच मारलं," म्हणत भाऊ कार्ड घेऊन थेट पोलिसांत गेला. तेराव्याच्या पंगतीत फौजदार येऊन उभे राहिले.

"हे कुणी लिहिलं?"

"मी, साहेब."

"सरपंचांना ठाऊक होतं?"

सरपंचांनी घाईघाईनं मान नकारार्थी हलवली. मालक न वाचता सही करतात, हा अपमान झुंबरला सहन होईना.

"ठाऊक नसायला काय झालं? दोनदा वाचलं त्यांनी. मगच सही केली."

"सही करताना रडत होते?"

"छे, साहेब! इंग्रजी कागद म्हटलं की आमचे सरपंच हसत हसतच सही करतात."