आडवी झालेली टोमॅटोची रोपं

एका माळाच्या कडेला, बाळांनो, एक साळिंदर राहत असे. एकटंच. त्याची बायको साळू उन्हाळ्यात वारली. जाण्याआधी तिनं बिळासमोर टोमॅटोची रोपं लावली होती. तिच्या हातचं म्हणून आता तेवढंच उरलं होतं. साळिंदर रोज त्या रोपांपाशी जाऊन बसायचं. दुसरं कुणी बोलायला नव्हतंच.

एका दुपारी वादळ आलं. वारा असा सुटला, की रोपं सगळी आडवी झाली, हिरवी फळं चिखलात लोळू लागली. साळिंदर नुसतं बघत राहिलं. तेवढ्यात वानर आलं. "काय काटेराव, असा मान टाकून काय बसलास? ऊठ की! झालं ते झालं. रोपं ओढायची आणि ताठ उभी करायची, त्यात काय एवढं!" असं म्हणत त्यानं एक रोप धरून ओढलं. कट्‌कन मूळच तुटलं. वानर ओशाळलं. "हे मुळातच कच्चं होतं," म्हणालं आणि निघून गेलं.

साळिंदरानं भीतभीत दुसरं रोप धरलं. तोच बांधातून म्हातारी घूस बाहेर आली.

"थांब लेका, ओढू नकोस. पडलंय तसंच राहू दे."

"म्हणजे मरू दे?"

"मरतंय कशाला? मुळानं अजून धरून ठेवलंय. खालची पानं काढ, आडव्या खोडावर ओली माती लोट, शेंडा तेवढा उघडा ठेव. टोमॅटोचं खोड मातीत गेलं की तिथूनच नवी मुळं फुटतात."

साळू कशी गेली, हे घुशीनं विचारलं नाही. तिला विसर, असंही म्हणाली नाही. एकेका रोपापाशी बसून दोघं अंधार पडेपर्यंत माती लोटत राहिली.

काही रोपं वाळली, ती वाळलीच. बाकीच्यांचे शेंडे मात्र हळूहळू आपणहून वर वळले. खोडं जाड झाली, पिवळी फुलं आली. पहिला टोमॅटो लाल झाला, तो साळिंदरानं तोडला, आणि तेव्हा कुठं ते पोटभर रडलं. घूस काटे लागणार नाहीत एवढं अंतर ठेवून बसून राहिली.

तात्पर्य : पडलेल्याला ओढून उभं करू नये. पडलाय तिथंच त्याला आधार द्यावा आणि शेजारी बसावं. उठायचं ते तो आपल्या वेळेनं उठतो.