रंगनाथ टोपडं विणतो

गिरणीत दळणाचा डबा घेऊन उभी होते. पुढं शेवंता होती आणि ती तिच्या जावेला सांगत होती, "कळलं का, रंगनाथला सासऱ्यानं भर बारशातून हाकलून दिलं. आणि चंद्रकला तर…"

तेवढ्यात गिरणीवाल्यानं पट्टा चढवला. शेवंताचं तोंड हलतंय, जाऊ मान हलवतेय, आणि माझ्या कानात नुसती घरघर. गिरणी थांबली तेव्हा दोघी भाजीच्या भावावर आल्या होत्या. मी विचारलं, तर शेवंता म्हणाली, "काकू, भिंतीला भिंत तुमची. तुम्हीच सांगा."

आता मी काय सांगणार. रंगनाथच्या दाराला कुलूप. दुपारपर्यंत आळीनं शेवंताचं वाक्य आपापल्या परीनं पुरं केलं, चंद्रकला आता नांदायला येणारच नाही म्हणून. मला जेवण गेलं नाही. कारण त्या बारशाला रंगनाथनं जे टोपडं नेलं होतं ते विणायला माझ्याकडं शिकला होता.

तर पहिल्यापासून सांगते.

आमचं गाव निफाडकडचं, थंडीचं. त्या गावात, अगदी माझ्या भिंतीला लागून, एक भोळा माणूस राहतो. नाव रंगनाथ. द्राक्षांच्या शेडवर पेट्या भरतो. अंगानं धट्टाकट्टा, मनानं साफ. सांगाल ते करतो. सांगाल तेवढंच करतो. आणि सांगाल तसंच करतो.

त्याचे सासरे अण्णा बागायतदार. एकदा परगावी जाताना म्हणाले, "जावईबापू, बागेवर लक्ष ठेवा." रंगनाथ बांधावर बसला. भरदुपारी टोळकं आलं, द्राक्षं तोडली, पाट्या भरल्या, निघून गेलं. अण्णा परत आल्यावर रंगनाथनं सगळं सांगितलं. कोणाचा सदरा कसला, कोणी कुठल्या ओळीतले घड तोडले, कोण जाताना लंगडत होता.

"आणि तुम्ही काय करत होता?" अण्णांनी विचारलं.

"लक्ष ठेवत होतो. क्षणभर नजर हलवली नाही अण्णा."

तेव्हापासून अण्णांचं मन उडालं. चंद्रकला बाळंतपणाला माहेरी गेली, मुलगा झाला, आणि अण्णांचा निरोप आला. "बारशाला स्वतःच्या हातानं केलेली एक वस्तू आणा. ती धड निघाली तर लेक आणि नातू घेऊन जा. नाही निघाली तर दोघं इथंच राहतील."

रंगनाथ माझ्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "काकू, मला टोपडं विणायला शिकवा."

"तू विणणार?"

"चंद्रकलेशिवाय घर खायला उठतं काकू."

माझ्या जुन्या सुया दिल्या त्याला. म्हटलं, लोकर विकत आणू नको, महाग झालीय. घरातला जुना स्वेटर उसव. ती लोकर धू, वाळव, गुंडा कर. आम्ही बायका वर्षानुवर्षं हेच करतो. एकाच लोकरीचा आधी नवऱ्याचा स्वेटर, मग मुलाचा, मग मुलाच्या मुलाची कानटोपी.

त्यानं स्वतःचा एकुलता एक स्वेटर उसवला. सगळी लोकर बादलीत कोंबली आणि कपड्यासारखी चोळली. बाहेर निघालं ते कावळ्याचं घरटं.

"अरे रंगनाथा," मी म्हटलं, "गुंता होईल अशी वस्तू आधी ठिकठिकाणी दोऱ्यानं बांधायची. मग पाण्यात घालायची."

"बरं काकू. आता लक्षात ठेवतो."

दोन दिवस आम्ही दोघं गुंता सोडवत बसलो. मी दमले म्हणून त्यानं आपण होऊन शेवयांची खीर केली आणि वाटीभर आणून दिली. पहिला घास घेतला आणि तोंडातून दोरा निघाला. मग आणखी एक निघाला. शेवयांच्या छान जुड्या बांधलेल्या, वर निरगाठी मारलेल्या. आणि खीर म्हणावी तर नुसत्या पाण्यातली.

"गुंता झाला नाही काकू," तो म्हणाला. "एक शेवई इकडची तिकडं झाली नाही."

"अरे, त्यात दूध घालायचं. साखर घालायची. मंद आचेवर ठेवून ढवळत राहायचं, बुडाला लागू द्यायचं नाही."

"बरं काकू. आता लक्षात ठेवतो."

लोकरीचा रंग उडाला होता. बाळाला बरं दिसेल म्हणून मी त्याला पिवळ्या रंगाची पुडी दिली आणि म्हटलं, पातेल्यात हा रंग टाक, लोकर टाक, चुलीवर ठेव. त्यानं रंग टाकला, लोकर टाकली. मग दूध घातलं, साखर घातली आणि पळीच्या दांड्यानं ढवळत बसला. रंग सुरेख चढला. बुडाला अजिबात लागली नाही. दुसऱ्या दिवशी दोरीवर वाळत घातलेली लोकर काळी दिसायला लागली. जवळ जाऊन पाहिलं तर काळा रंग चालत होता.

"मुंग्या," मी म्हटलं. "अरे, मुंग्या लागणार असल्या की परातीत पाणी ओतायचं आणि मधोमध वस्तू ठेवायची. मुंग्या पाणी ओलांडत नाहीत."

"बरं काकू. आता लक्षात ठेवतो."

लोकर मी परत धुऊन दिली. बांधून. त्याला टाके घालायला शिकवले, सुलट शिकवलं, उलट शिकवलं. हात बरा चालायला लागला. संध्याकाळी सहज भिंतीवरून डोकावले. सहजच हो, काही ठरवून नाही. तर अंगणात परात, परातीत गार पाणी, पाण्यात स्टूल, आणि स्टुलावर रंगनाथ विणतोय. पाय घोट्यापर्यंत पाण्यात. गार वारं सुटलेलं.

"हे काय?"

"लोकर मांडीवर आहे ना काकू. मुंगी यायची म्हटलं तर येणार कुठून?"

शिंकांनी बेजार झाला. प्रत्येक शिंकेला सुईवरचा टाका सुटे. मी म्हटलं, सर्दी झाली की डोक्यावरून कापड घ्यायचं आणि गरम पाण्याची वाफ घ्यायची. तो घरी गेला, पातेल्यात पाणी उकळलं, वर चाळणी ठेवली, टाके लोकरीचे सुटतात म्हणून चाळणीत लोकर ठेवली आणि लोकरीवर कापड टाकलं. उसवलेली लोकर नागमोडी असते, ती वाफेनं सरळ झाली. नव्यासारखी. हे मी त्याला सांगायचंच विसरले होते. एवढं एक बरोबर झालं, तेही चुकून. सर्दी होती तशीच राहिली.

मग खरं विणकाम सुरू झालं. तो दर ओळीला टाके मोजायचा आणि मध्येच कोणी हाक मारली की विसरायचा. मी म्हटलं, "टाके मोजताना बोलायचं नाही. कोणी काही विचारलं तरी नाही." त्या दिवशी चंद्रकलेचा फोन आला. यानं उचलला, कानाला लावला आणि मोजत राहिला. ती बिचारी पलीकडून "अहो, अहो" करून थकली आणि तिनं मला फोन केला. "काकू, हे माझ्यावर रागावलेत का?" मी भिंतीवरून पाहिलं. म्हटलं, "नाही गं बाई, टोपड्याची पाठीमागची बाजू विणतायत."

शेवटचा धडा दिला तो चुकीचा. म्हणजे चूक कशी काढायची त्याचा. टोपड्याच्या मध्यावर एक टाका उलटा पडला होता आणि रंगनाथ तसाच पुढं विणत होता.

"थांब," मी म्हटलं. "चूक दिसली की पुढं जायचं नाही. चुकीपर्यंत उसवायचं. वरचं कितीही चांगलं असू दे, जीव अडकवायचा नाही. नाहीतर ती चूक जन्मभर दिसत राहते."

"बरं काकू. आता लक्षात ठेवतो."

ठेवलं. किती वेळा उसवलं आणि किती वेळा विणलं ते त्यालाच ठाऊक. पण बारशाच्या आदल्या दिवशी टोपडं माझ्या हातात ठेवलं आणि मी ते उजेडात धरून पाहिलं. पिवळंधमक. हनुवटीखाली बांधायला बंद. एक टाका इकडचा तिकडं नाही. माझे डोळे भरून आले. म्हटलं, जा आता, घेऊन ये दोघांना.

तो बारशाला गेला, आणि बारशाच्या दुसऱ्या दिवशी मी गिरणीत ते ऐकलं.

दुपार कलली तेव्हा दाराशी रिक्षा थांबली. मी बाहेर आले. रंगनाथ उतरला. त्याच्या मागून चंद्रकला उतरली, आणि तिच्या कुशीत बाळ, डोक्यावर पिवळं टोपडं. शेवटची एसटी चुकली म्हणून रात्री वाटेत मावशीकडं राहिले होते म्हणे. मी तिला आत घेतलं, बाळाची दृष्ट काढली, चहा टाकला. आणि मग विचारलं. राहवेना.

"चंद्रकले, हाकललं म्हणतात ते खरं का?"

"हाकललं काकू. ते खरं." तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. हसत होती. "आधी सगळं छान झालं. अण्णांनी टोपडं घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, चष्मा लावून पाहिलं. खोडच सापडेना. सगळ्यांसमोर म्हणाले, धड आहे. आता नाव ठेवून झालं की लेकीला न्या."

"मग?"

"मग पाळणा सुरू झाला. बायका पाळण्याभोवती. पुरुषमाणसं सतरंजीवर. अण्णा पुढं आणि हे त्यांच्या पाठीमागं. अण्णांच्या अंगात आईनं विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर. आणि काकू, त्या स्वेटरच्या पाठीवर, अगदी खाली, कमरेच्या पट्टीच्या वर, एक टाका उलटा."

मी चहाचं पातेलं खाली ठेवलं.

"ह्यांना तो दिसला," चंद्रकला म्हणाली. "ह्यांनी अण्णांच्या मानेमागची गाठ सोडली आणि चुकीपर्यंत उसवायला घेतलं."

"अगं, आणि अण्णांना कळलं नाही?"

"अण्णा म्हणाले, वारं कुठून येतंय. कोणीतरी दार लावलं. थोड्या वेळानं म्हणाले, अजून येतंय. खिडक्या लावल्या. मग मागं न बघताच ह्यांना म्हणाले, जावईबापू, तुम्हाला गार लागतंय का? हे बोलले नाहीत."

"का?"

"टाके मोजत होते."

आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, तिच्या पाठीवर बुक्क्या पडल्या, आणि अण्णा नातवाला बघायला उठून उभे राहिले. पाठीमागं स्वेटर नव्हताच. पुढची बाजू लाळेऱ्यासारखी गळ्यातून खाली आली. कमरेला तेवढी पट्टी राहिली. आणि रंगनाथ हातात लोकरीचा मोठा गुंडा घेऊन म्हणाला, "अण्णा, चूक निघाली. आता सासूबाईंनी इथून पुढं विणायला हरकत नाही."

सासूबाई आत निघून गेल्या. बायका पदरात तोंड खुपसून बसल्या. अण्णांचं जावईबापू राहिलं बाजूला, ते एकदम अरेतुरेवर आले. "तुझं जे काय असेल ते उचल आणि चालायला लाग. आत्ताच्या आत्ता."

"बरं अण्णा," रंगनाथ म्हणाला.

त्यानं पिशवी उचलली. सुया उचलल्या. मग पाळण्यापाशी गेला आणि पोराला उचललं. कोणी अडवलं नाही, सगळे अण्णांच्या पाठीकडं बघत होते. मग तो चंद्रकलेपुढं उभा राहिला.

"मला म्हणतात, तू पण माझीच ना? तुला कसं उचलू, हातात बाळ आहे," चंद्रकलेनं सांगितलं. "मी म्हटलं, मी चालते."

तर शेवंताचं अर्धं खरं होतं. हाकललं होतं, पण एकट्याला नाही.

"निघताना अण्णा काही बोलले का गं?" मी विचारलं.

"अण्णा कुठले बोलतायत. हेच उंबऱ्यातून परत आत गेले. मला वाटलं माफी मागतील. अण्णांनाही तसंच वाटलं असणार, जरा नरमले होते." चंद्रकलेनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "हे म्हणाले, अण्णा, माझं काही राहिलं का बघायला आलो. पाठ मी उसवली म्हणजे ती लोकर माझी झाली. पण त्याच स्वेटरचं पोट अजून तुमच्याच अंगात आहे, ते उतरवून देता का?"

"आणि अण्णांनी?"

"काढलं आणि ह्यांच्या तोंडावर फेकलं. हे वाटभर मला सांगत होते, बघ, मनानं किती मोठे आहेत अण्णा, एवढ्या थंडीत अंगातलं काढून दिलं."