ढोकरीचे वासाचे आमिष

जंगलातली गोष्ट म्हटली की तुम्हाला वाघ हवा असतो. या गोष्टीत वाघ नाही, मुलांनो. हिच्यात आहे एक ढोकरी. ढोकरी म्हणजे बगळ्याच्याच कुळातला, मातकट रंगाचा पक्षी. ही ढोकरी जंगलातल्या एका तळ्याकाठी राहत असे, आणि मासे पकडण्यात तिचा हात धरणारे तिथे कोणी नव्हते. आता पक्ष्याला हात कुठला, पण म्हणायची आपली रीत! बाकीचे बगळे माशांची वाट पाहत ताटकळत उभे राहत. ही मात्र एखादा नाकतोडा धरून आणी, तो पाण्यावर अलगद टाकी आणि गप्प उभी राही. नाकतोड्याच्या आशेने बोटभर लांबीचे मळे मासे वर आले, की हिची चोच खाली. ती नेहमी एकाच काळ्या खडकावर उभी राही. तिची आई तिथेच उभी राहायची, आईची आईही तिथेच. बगळ्यांच्या जातीत जागेला फार मान असतो. सकाळी जागा सोडली, तर संध्याकाळी तिथे दुसरा कोणीतरी ठाण मांडून बसलेला दिसतो.

त्या वर्षी श्रावणात पावसाने ओढ दिली. ढोकरीच्या घरट्यात तेव्हा तीन पिल्ले होती. थोरली दोघे धटिंगण, आणि धाकटे इतके किरकोळ की प्रत्येक घासाला मागे राही. तळ्याच्या काठचे पाणी उतरले, उन्हाने कोमट झाले आणि खडकापाशी मासे येईनासे झाले. एक दिवस दोन मिळाले, दुसऱ्या दिवशी एक, मग तोही नाही. नाकतोडा आपला पाण्यावर तरंगतोय आणि ढोकरी त्याच्याकडे बघतेय. तोच नाकतोडा मग ती पिल्लांना भरवी, पण नाकतोड्यांनी का बगळ्याच्या पिल्लांची पोटे भरतात? तिला घोर लागला.

सकाळी फिरतीवरून घरी परतणाऱ्या एका कस्तुरी मांजराने तिला असे चिंतेत पाहिले. या मांजराला आपल्या अंगच्या सुवासाचा आणि आपल्या नाकाचा भारी अभिमान. त्याने सारी हकीकत ऐकली आणि क्षणाचाही विचार न करता निकाल देऊन टाकला.

"ढोकरीबाई, दोष तुमचा नाही, आमिषाचा आहे. बिनवासाच्या घासाला कोण तोंड लावतो? सगळे जंगल नाकाने चालते!"

मांजर खोटे बोलत नव्हते हो. त्याचा स्वतःचा संसार नाकावरच चालला होता. पण त्याने जन्मात कधी पाण्यात पंजा बुडवला नव्हता, आणि तेवढे विचारायचे ढोकरीला सुचले नाही.

ती ओढ्यापलीकडच्या केवड्याच्या बनात गेली. पानांच्या काट्यांनी पंख ओरबाडून घेतले, नाकतोडा केवड्याच्या परागांत घोळला आणि खडकावर येऊन पाण्यावर टाकला. मासा आला नाही. मांजर म्हणाले, केवडा उग्र पडतो, सोनचाफा घ्या. दुसऱ्या दिवशी ती सोनचाफ्यासाठी डोंगराच्या कुशीपर्यंत जाऊन आली. त्या दुपारी गव्यांचा कळप पाण्यावर आला आणि खडकाजवळचे पाणी ढवळून गढूळ करून गेला. त्या गढुळात एका मळ्या माशाने नाकतोडा तोंडात धरला आणि सोडलाच नाही. ढोकरीने तो टिपला. झाले! वास लागू पडला म्हणून तिला कोण आनंद! तो एक मासा थोरल्या दोघांनी ओढाताण करून संपवला. धाकटे नुसते बघत राहिले. तिसऱ्या दिवशी मांजराने मोठ्या मनाने आपली स्वतःची कस्तुरी आमिषाला लावून दिली. सगळा काठ घमघमला. मासा मात्र एकही फिरकला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी पाण्यातून एका म्हाताऱ्या कासवाने डोके वर काढले. तीन दिवस ते खालून हा सगळा प्रकार पाहत होते.

"पोरी, वास छान आहे," ते म्हणाले, "पण मासे इथे नाहीत."

ढोकरीने त्याला गव्यांच्या दिवशी मिळालेल्या माशाची आठवण करून दिली. कासव म्हणाले, तो वाट चुकून इकडे आला होता. पाणी गढूळ असले आणि मासा जवळच असला, तर वासाचा थोडा उपयोग होतो. चव आवडली की तो घास जरा जास्त वेळ तोंडात धरून ठेवतो. नितळ पाण्यात तो डोळ्यांनी बघून खातो. आणि लांबच्या माशाला काही वास हाक मारून आणत नाही. इथले पाणी तापल्यापासून सगळे मासे पलीकडच्या काठाला, उंबराची मुळे खोल पाण्यात उतरली आहेत तिथे, सावलीला जाऊन राहिले आहेत.

"मग आजोबा, हे मला आधी का नाही सांगितलेत?"

"तू वास कोणता लावायचा ते विचारत होतीस. मासे कुठे गेले, हे कोणाला विचारलेस का?"

ढोकरीने खडकाकडे एकदा पाहिले आणि ती उडाली. उंबराच्या मुळावर बसून तिने एक साधा नाकतोडा पाण्यावर टाकला. ना केवडा, ना चाफा, ना कस्तुरी. दुपारपर्यंत तिने सहा मासे पकडले.

चोचीत मासे घेऊन ती घरट्यावर उतरली. थोरल्या दोघांनी चोची वासल्या. धाकट्याने मान उचलली नाही. तिने मासा त्याच्या चोचीला लावला. पुन्हा लावला. मासा घरंगळून बाजूला पडला. कितीतरी वेळ ती त्याच्यावर पंख धरून बसून राहिली. मग उरलेल्या दोघांना पुन्हा भूक लागली आणि तिला उठावे लागले.

वाटेत मांजर भेटले. तिच्या चोचीला लागलेले खवले पाहून त्याला फार बरे वाटले. त्याने विचारले, "मग, शेवटी कोणता वास चालला?"

"कोणताच नाही," ढोकरी म्हणाली. "मासे होते तिथे मी गेले. तीन दिवस उशिरा गेले."

तात्पर्य : हवी असलेली गोष्ट कुठे आहे, हे आधी शोधावे; आपण उभे आहोत तिथे ती नसेलच, तर कितीही युक्त्या केल्या तरी हाती लागत नाही आणि गेलेली वेळही परत येत नाही.