गवताच्या कोठाराचं दार

युरोपात राजे फार आणि गवत कमी होतं, तेव्हाची ही गोष्ट. एका फौजेत ड्रॅगून स्वाराची घोडी होती. ड्रॅगून म्हणजे घोड्यावरून जायचं नि खाली उतरून बंदुकीनं लढायचं. म्हणून बाकीचे घोडे तिला 'अर्धी पायदळीण' म्हणायचे. ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

दोन दिवसांच्या उपासानंतर टेहळणीवरच्या हुसाराचा, म्हणजे हलक्या, वेगवान स्वाराचा, चपळ घोडा ओरडत आला, "टेकडीमागं गवताचं कोठार आहे!" सगळे धावले. दाराला कडी होती. चिलखती स्वाराचा धिप्पाड घोडा दाराला छातीनं धडका देऊ लागला.

"अहो, स्वाराला उतरून कडी काढू द्या की!" घोडी वैतागली.

"आमचे एकदा उतरले, की परत चढवायला दोघं लागतात," धिप्पाड म्हणाला.

"आमचे तर उतरतच नाहीत, बाई. ते पायदळाचं काम," हुसाराचा घोडा म्हणाला.

शेवटी घोडीच्याच स्वारानं उतरून कडी काढली. तरी दार उघडेना, कारण धिप्पाड अजून रेटतच होता.

"दादासाहेब," घोडी दातओठ खात म्हणाली, "मागं सरका. दार बाहेर उघडतं."

तो सरकला. दार उघडताच पहिला आत घुसलाही तोच, "फोडलं बघा!" म्हणत.