सुटा वैमानिक

"उस्ताद, हे गुण कुणाचे? माझे, का दादाचे?"

पारसने सकाळपासून दिसेल त्याला हे विचारलं होतं. परीक्षक हसले. घरी आईला फोन लावला, तर ती रडायलाच लागली. दाऊद उस्ताद विमानाच्या चाकात अडकलेलं गवत काढत बसले होते. त्यांनीही उत्तर दिलं नाही.

पुढेही कुणी दिलं नाही.

मिरजेबाहेरच्या माळावर स्पर्धा चालली होती. जमिनीवरून रिमोटने उडवायची छोटी विमानं. पण नियम असा, की विमान खऱ्या विमानासारखं दिसलं पाहिजे, आणि हवेतल्या कसरतीही खऱ्यासारख्या झाल्या पाहिजेत. दिसण्याचे गुण वेगळे, उडण्याचे वेगळे.

पारसचं पिवळं विमान त्याच्या थोरल्या भावाने, भूपालने, बांधलेलं. एकावर एक दोन पंख, मधे ताणलेल्या तारा. कॉकपिट उघडं, आणि त्यात छातीपर्यंत आत बसवलेला लाकडी वैमानिक. डोळ्यांवर काचेचा चष्मा, गळ्यात रुमाल. तोही भूपालनेच कोरलेला.

विमान पुरं झालं आणि श्रावणात भूपाल काविळीने गेला. ते एकदाही उडालं नव्हतं.

आई रोज सकाळी ते विमान पुसायची. पारसची विमानं जिन्याखाली धूळ खात पडलेली असायची.

पहिल्या फेरीचे गुण फळ्यावर लागले होते. दिसण्यात पिवळं विमान सगळ्यांच्या वर. उडण्यात पार तळाला.

शेजारच्या तंबूतला यशोधर आपल्या विमानाचे पंख पुसत म्हणाला, "लेका, पेपर दादाने लिहिला. तू नुसता नेऊन दिलास, तोसुद्धा चुरगाळून!"

आजूबाजूचे हसले. पारस हसला नाही.

या पोराच्या हातात कला होती, यात शंका नाही. शाळा आठवीतच सुटली, पण रिमोट हातात आला की बोटं बोलायची. भरधाव विमान डोळ्यांदेखत नाक वर करून हवेत उभं टांगायचा. लोक शिट्ट्या मारायचे. भूपालला यातलं काहीच जमत नसे. तो आपला पंख घासत बसायचा.

"परीक्षक काय म्हणाले, ऐकलंत?" पारस म्हणाला. "बांधणाऱ्याने जीव ओतलाय म्हणे. आणि उडताना? उडताना खेळणं वाटतं!"

"हं," उस्ताद म्हणाले.

उस्तादांचं अर्धं आयुष्य फ्लाइंग क्लबातली खरी विमानं दुरुस्त करण्यात गेलं होतं. हे पिवळं विमान ज्याच्यावरून बांधलं, ते थोरलं विमानही त्यांच्याच हाताखालून गेलेलं. दोघा भावांना त्यांनीच शिकवलं.

"तुमचाही लाडका तोच. त्याला म्हणायचात, वा, काय हात आहे. मला काय म्हणायचात? हळू. पारस, हळू. आठ वर्षं हळू!"

"हं."

"एकदा तरी मला वा म्हणालात का, सांगा की!"

उस्तादांनी गवताची शेवटची काडी ओढून काढली…

"तो मेला तरी पहिला येतोय, उस्ताद."

हे तोंडातून गेलं आणि पारस स्वतःच दचकला. मग त्याचा ताबा सुटला. त्याने कॉकपिटात हात घातला, लाकडी वैमानिकाची मान धरली आणि हिसका मारला. कट्ट झालं. डिंक तुटला. वैमानिक हातात आला.

"घ्या. हा नको मला. आता जे काय होईल ते माझं."

त्याने तो उस्तादांच्या पुढ्यात टाकला.

उस्तादांनी वैमानिकाकडे पाहिलंच नाही. त्यांनी वाकून रिकाम्या कॉकपिटात डोकावलं.

"सकाळीही इथे कुणी नव्हतं," ते म्हणाले.

"काय?"

"एवढ्याशा जागेत लूप मारलास, उभी कोलांटी. आत माणूस असता तर मान मोडली असती त्याची."

पारसनेही कॉकपिटात पाहिलं.

तेवढ्यात लाऊडस्पीकरवर त्याचं नाव पुकारलं. दुसरी फेरी. शेवटची.

यशोधर विमान धरायला पुढे आला आणि थबकला. "अरे, पायलट कुठाय? रिकाम्या कॉकपिटाचे गुण कापतील, वेड्या!" त्याने खिशातून डिंकाची नळी काढली. तो टोमणे मारायचा, पण मनाचा वाईट नव्हता. "हे घे. लगेच धरतं."

पारसने हात पुढे केला. त्याआधी नळी उस्तादांनी घेतली. टोपण घट्ट लावलं. आणि स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात टाकली.

मग त्यांनी मातीतला वैमानिक उचलला, अलगद त्याच्या जागी बसवला. सुटाच.

"असाच ने."

"पडेल की!"

"पडेल."

"उस्ताद, हवेत काही सुटून पडलं तर अख्खी फेरी बाद करतात!"

"करतात."

"आणि वरून पडला तर… त्याचा भुगा होईल. दादाच्या हातचं शेवटचं…"

"मग पाडू नकोस, बेटा."

लाऊडस्पीकरने दुसऱ्यांदा पुकारलं.

पारसने रिमोट गळ्यात अडकवला. त्याचे तळवे घामेजले होते. आजवर असं कधी झालं नव्हतं.

इंजिनाचा जोर त्याने हळूहळू वाढवला. विमान गवतावरून धावत गेलं, आणि एकेका खड्ड्यासरशी पारसची नजर कॉकपिटाकडे गेली. चाकं सुटली. पिवळं विमान उगाच घाई न करता चढत गेलं.

लूपची पाळी आली. सकाळी त्याने बोटाच्या एका झटक्यात गिरकी मारली होती. आता झटका मारायची सोय नव्हती. त्याने आधी नाक खाली घातलं, वेग येऊ दिला, मग हलके हलके वर ओढत नेलं. केवढं तरी मोठं वर्तुळ. माथ्यावर विमान उताणं झालं, वैमानिकाचं डोकं जमिनीकडे…

"धर, दादा," पारस पुटपुटला. "घट्ट धर."

त्याने ओढ सुटू दिली नाही. त्या ओढीनेच वैमानिक जागेवर दाबून बसला. विमान माथ्यावरून ओघळलं आणि सरळ झालं.

मग रोल, पुढे जाता जाता कुशीवरून पुरी पलटी. जागच्या जागी फिरकीसारखं फिरवलं असतं तर खेळ खलास. त्याने मोठा वळसा घेतला, जसं एखाद्या जाड खांबाला बाहेरून घासत जावं.

मागून कुणी ओरडलं, "पारस, उभं कर की! टांग हवेत!"

त्याच्या आवडीची कसरत. त्याची स्वतःची. भूपालला कधीच न जमलेली.

अंगठा शिवशिवला.

पारसने विमान वळवलं आणि उतरवायला घेतलं.

चाकं टेकली. इंजिन थांबलं. मग टाळ्या. कुणासाठी, ते कळायला मार्ग नव्हता. आणि नवल म्हणजे पारसला ते विचारावंसं वाटलं नाही.

तो रिमोटसकट धावत सुटला. यशोधर मागून ओरडत होता, "अरे, फळा तर बघ! गुण लिहितायत!"

वैमानिक कॉकपिटात होता. जरासा कलंडलेला. चष्म्यावर इंजिनाच्या तेलाचे शिंतोडे उडाले होते.

पारस गुडघ्यांवर बसला. शर्टाच्या टोकाने त्याने चष्मा पुसला. आधी एक काच, मग दुसरी. रुमाल सारखा केला. कलंडलेलं अंग सरळ केलं. भूपाल गेल्यापासून रडू आलं नव्हतं, ते आता आलं.

उस्ताद धापा टाकत येऊन मागे उभे राहिले.

"उस्ताद, काढून घेऊ याला? घरी न्यायचंय."

उस्ताद त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसले.

"मला काय विचारतोस? त्याला विचार, उतरायचंय का."