न निघालेला धूर

"धुराचा फोटो कुठाय?" आबासाहेब देसाई कडाडले.

"कसला धूर, आबासाहेब? आम्ही यंदा पाचट पेटवलंच नाही!" सगुणा म्हणाली.

"तेच तर! न निघालेल्या धुराचा फोटो!"

सगुणा घोलपला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण आबासाहेब थट्टेतले नव्हते. पंचवीस गावांच्या शेतकरी संघाचे अध्यक्ष. एकदा बोलले की सूर्यानंसुद्धा उलटं फिरावं, असा खाक्या. संघानं यंदा कार्बन शेतीची योजना काढली होती. ऊस तुटल्यावर मागं उरलेला वाळका पाला, म्हणजे पाचट, जाळायचं नाही, रानातच कुजवायचं. जे गाव हंगामभर हे पाळेल, त्याला पावसाची आगाऊ खबर देणारं हवामान यंत्र मिळणार होतं. पिंपरणवाडीच्या बत्तीस घरांनी एकही काडी ओढली नव्हती. सगळी माहिती मोबाइलवरच्या ॲपमध्ये भरायचं काम सगुणाचं. ती भरत भरत शेवटच्या रकान्याशी आली, आणि गाडं तिथंच अडलं. 'टाळलेला धूर : फोटो जोडा'. फोटोशिवाय ॲप पुढं सरकेना!

"आबासाहेब, रकाना चुकून पडलाय हो. जे झालंच नाही, ते कॅमेऱ्यात कसं धरू?"

"ॲप चुकत नाही! थेट उपग्रहाला जोडलंय ते. उद्या दहाच्या आत न निघालेला धूर माझ्यासमोर हजर कर. नाहीतर यंत्र खालच्या वाडीला!"

सगुणा तणतणत घरी आली. वडील, ज्ञानू घोलप, ऐकून हळहळले. गेल्या साली वाळत घातलेला भुईमूग अवकाळीनं अंगणात कुजवला होता. आठ दिवस आधी कळलं असतं, तर शेंग न शेंग वाचली असती.

"बत्तीस घरांना काय तोंड दाखवायचं, पोरी?"

सगुणा तडक रानात गेली. रागारागानं तिनं पाचटाला एक लाथ हाणली. माघात तुटलेल्या उसाचं पाचट ते. श्रावणाच्या सरींनी पार मऊ पडलेलं. पाय घोट्यापर्यंत आत गेला. तिनं खाली वाकून पाहिलं, दोन्ही हातांनी उकरलं, आणि एकटीच खुदकन हसली. मग घरी जाऊन एक मडकं घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी संघाच्या कचेरीत ही गर्दी! सगुणानं ओल्या फडक्यानं झाकलेलं मडकं टेबलावर ठेवलं.

"आणलास धूर?" आबासाहेबांनी मिशीवर हात फिरवला.

"आणला की! मडक्यात कोंडून आणलाय. ओंजळ करा."

"भाजणार नाही ना?"

"पेटवलाच नाही, तर भाजेल कसा?"

आबासाहेबांनी ओंजळ पुढं केली. सगुणानं मडकं उपडं केलं. काळी, भुसभुशीत, ओली माती! तीत पाचटाचे कुजके तुकडे, आणि करंगळीएवढं एक गांडूळ, जे निघालं ते थेट आबासाहेबांच्या सोन्याच्या घड्याळाकडे!

"अगं अगं! हे काय?"

"हाच तो धूर! काडी लावली असती, तर हाच माल तुमच्या माडीवरून आभाळात गेला असता. लावली नाही, म्हणून रानातच बसला. निघाला असता तर धूर, नाही निघाला म्हणून माती!"

"आणि हे वळवळणारं?"

"तो राखणदार! धूर पळू नये म्हणून नेमलाय."

कचेरीत खसखस पिकली. आबासाहेब मात्र हटेनात. "मला पटून काय उपयोग? ॲपला पटायला हवं!"

सगुणानं ओंजळीचा फोटो काढला आणि रकान्यात टाकला. मोबाइलवर चक्र गरगर फिरलं. मग लाल अक्षरं उमटली: 'फोटोत धूर आढळला नाही.'

"बघ! नापास!" आबासाहेब गरजले.

"नापास कसं? तुमच्या उपग्रहानं लेखी दिलंय, धूर नाही म्हणून! न निघालेला धूर याहून वेगळा कसा दिसतो, तेवढं तुम्ही दाखवा!"

आबासाहेबांनी मोबाइलकडे पाहिलं, ओंजळीकडे पाहिलं, आणि असे खदखदून हसले की निम्मी माती धोतरावर सांडली.

"हरलो, पोरी, हरलो! चिटणीस, यंत्र पिंपरणवाडीला! आणि आजपासून ॲपमध्ये कुठला रकाना ठेवायचा नि कुठला उडवायचा, ते ही ठरवील. हिची खुर्ची माझ्या शेजारी मांडा!"