परीनं कांडलेला मसाला

दमलेल्या माणसांची गोष्ट आहे, बाळांनो. हळूहळूच सांगते.

एका रानाकाठी छबी नावाची चिमुरडी आईबरोबर राहायची. आई लोकांचे मसाले भाजून कांडायची. भाजणं जमलं की नाही, ते नाकानंच ओळखायची. पण महिना झाला, नाक चोंदलेलं, कपाळ ठणकतंय, वाकलं की गाल दुखतायत. वासच येईना! परवा धणे करपले, तिला कळलंसुद्धा नाही. बायका कुरकुरल्या. पुन्हा मसाला बिघडला तर कोण काम देणार? तरी बिचारी उठायची, कांडायची. छबीला नुसतं रडू यायचं.

त्या संध्याकाळी छबी मोळी घेऊन रानातून परतत होती. पाय भरून आलेले. तेवढ्यात बोरीच्या काट्यांत काहीतरी लुकलुकलं. इवलीशी परी! तिचे मोरपंखी पंख काट्यांत अडकलेले.

"अगं बाई!" म्हणत छबीनं मोळी टाकली आणि एकेक काटा अलगद सोडवला.

"एवढी दमलेली, तरी थांबलीस गं," परी म्हणाली. "एक वर माग. पण आमचा नियम आहे. दुखणं फुंकरीनं घालवायचं नाही. त्याला लागेल ते मात्र देता येतं."

"माझी आई मसाले कांडते, महिनाभर तिचं नाक चोंदलंय. तिला झालंय तरी काय?"

"नाकाशेजारी, गालांत, कपाळात पोकळ खोल्या असतात, चिमुकल्या. त्यांची दारं सुजलीत, आतलं पाणी अडलंय. कांडताना ती नाकाला पदर बांधते का?"

"छे! मग वास कसा येणार?"

"तिथंच चुकलं बघ. सगळी तिखट धूळ आत! आता वाफ घ्यायची, उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं आणि झोपायचं. डोळा सुजला, ताप चढला, तर थेट डॉक्टरकडे. माझी वाट बघायची नाही."

छबी हिरमुसली. घरात पाणी होतं, मीठ होतं. झोप कुठून आणायची?

"परीताई, मग आईला झोपच दे. तिचं काम तू कर."

आणि खरंच, छबीबरोबर घरी येऊन परी कांडायला बसली! मुसळ उचलायची, शिंकायची, पुन्हा उचलायची. "काय मेलं हे तिखट!" मोरपंखी पंख पार लालेलाल झाले. आई वाफ घ्यायची, नाक धुवायची आणि गाढ झोपायची. कितीतरी दिवस असेच गेले.

एका सकाळी खोबरं भाजता भाजता छबी चुलीपाशीच पेंगली. आतून आई ओरडली, "छबे, खोबरं करपतंय!"

मग आईच थबकली. "अगं... मला वास आला!"

परीनं मुसळ खाली ठेवलं. हसली, शेवटचं एकदा शिंकली, आणि लख्ख सोनेरी उजेडात दिसेनाशी झाली.

मायलेकी मात्र ते करपलेलं खोबरं पुन्हा पुन्हा हुंगत बसल्या.